घरातला पडदा, घराचा क्रमांक

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरील सहक्षेपण केंद्रामुळे त्याचे कार्यक्रम पुण्यातही दिसू लागले. त्या काळातील दूरदर्शन संच ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तो यंत्रापेक्षा घरातील लाकडी सामानाचा एक नग म्हणूनच अधिक आठवत असेल. चार पायांवर उभी असलेली पेटी, समोर सरकती लाकडी दारे, वर भरतकाम केलेले आच्छादन आणि त्यावर हमखास एखादी फुलदाणी किंवा लग्नातील छायाचित्र. गच्चीवर अँटेना. वारा सुटला की घरातील एका मुलाने गच्चीवर जायचे आणि ‘दिसतंय, दिसतंय’, ‘नाही, गेलं पुन्हा’ अशा खालून येणाऱ्या आरोळ्यांच्या आधाराने तिची दिशा लावायची. संच बाहेरच्या खोलीत असे, कारण तो घराचा होता, घरातील कोणा एकाचा नव्हता. खरे तर अनेक चाळींत तो घराचाही नसे, मजल्याचा असे. गुरुवारचे ‘छायागीत’ आणि रविवारी संध्याकाळचा हिंदी चित्रपट पाहण्यासाठी शेजारची मुले बोलावण्याची वाट न पाहता येऊन जमिनीवर मांडी घालून बसत, आणि ज्यांच्या घरी संच आहे त्या गृहिणीला त्या दिवशी स्वयंपाक लवकर आटोपावा लागे.

त्याच खोलीत, सुदैव असेल तर, दुसरी एक वस्तू असे : काळा, जड, तबकडीचा दूरध्वनी. नवी जोडणी मिळण्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे, म्हणून ज्यांच्याकडे दूरध्वनी होता त्यांचा क्रमांक साऱ्या गल्लीचा क्रमांक ठरत असे. त्या काळच्या लग्नपत्रिकांवर आणि अर्जांवर क्रमांकापुढे ‘पी. पी.’ अशी दोन अक्षरे छापलेली आढळतात. ‘हा क्रमांक शेजाऱ्यांचा आहे, कृपया बोलावून द्यावे’ एवढा मोठा मजकूर त्या दोन अक्षरांत सामावलेला होता. परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल नोंदवायचा आणि दिवसभर यंत्राजवळ बसून राहायचे. कानपूर आणि लखनौ यांच्या दरम्यान १९६० साली थेट परगावी क्रमांक फिरवण्याची सोय झाली, पण सर्वसामान्य कुटुंबाला ती खऱ्या अर्थाने लाभली ती १९८० च्या दशकाच्या अखेरीस गावोगावी उभ्या राहिलेल्या पिवळ्या पाट्यांच्या एसटीडी-पीसीओ केंद्रांमुळे. रात्री उशिरा दर उतरत, म्हणून त्या वेळेला केंद्राबाहेर रांग लागे. आत काचेच्या खोलीत बोलणाऱ्याची नजर समोरच्या लाल आकड्यांवर खिळलेली असे आणि प्रकृतीची चौकशी आकड्यांच्या वेगाने उरकली जाई. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचे पुण्या-मुंबईशी असलेले नाते कित्येक वर्षे आंतर्देशीय पत्रावर आणि या रात्रीच्या रांगेवर टिकून राहिले.

घरातील पडदा आणि घरातील दूरध्वनी या दोन वस्तू वरकरणी निराळ्या होत्या. एक करमणुकीची, दुसरी गरजेची. पण दोघींत एक साम्य होते, आणि ते नाहीसे होईपर्यंत कोणाच्या लक्षात आले नाही. दोन्ही वस्तू चारचौघांत वापरल्या जात.

मधल्या काळाचा इतिहास सर्वपरिचित आहे. १९८२ च्या स्वातंत्र्यदिनी राष्ट्रीय प्रसारण आणि रंगीत चित्र आले, २५ जानेवारी १९८७ पासून ‘रामायण’ मालिकेने रविवार सकाळचे रस्ते ओस पाडले, १९९१ च्या आखाती युद्धानंतर उपग्रह वाहिन्यांची लाट आली आणि इमारतींच्या गच्च्यांवरून काळ्या केबलची जाळी लोंबू लागली. त्यानंतर घराघरांवर तबकड्या आल्या. वाहिन्यांची संख्या दोनावरून शेकड्यांत गेली, भांडणे वाढली, रिमोट नावाची सत्ता जन्माला आली. तरी पडदा एकच राहिला आणि तो बाहेरच्या खोलीतच राहिला.

इंटरनेट सर्वसामान्यांसाठी १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने खुले केले. त्याच्या पंधरा दिवस आधी, ३१ जुलैला, कोलकात्याहून ज्योती बसू यांनी दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी बोलून देशातील भ्रमणध्वनी सेवेचा प्रारंभ केला होता. दोन घटना एकाच पावसाळ्यातल्या. त्या एकमेकींत मिसळतील असे तेव्हा फारच थोड्यांना वाटले असेल. प्रारंभीचे इंटरनेट दूरध्वनीच्या तारेवरूनच येई आणि जोडणी चालू असेपर्यंत दूरध्वनी अडकून राही. ‘अर्धा तास झाला, लागत नाही, कोण बोलत होतं एवढं?’ हा मावशीचा प्रश्न आणि ‘कोणी नाही, मुलगा नेटवर होता’ हे उत्तर ज्या घरांत ऐकू आले, ती घरे या संक्रमणाची पहिली साक्षीदार होत.

२००४ च्या राष्ट्रीय ब्रॉडबँड धोरणाने सेकंदाला २५६ किलोबिट वेगाला ब्रॉडबँड म्हटले. आज तो आकडा वाचताना हसू येते. २०२३ मध्ये ही किमान मर्यादा २ मेगाबिटवर नेण्यात आली. पण त्या वेळी वातावरणात मोठा उत्साह होता. दूरध्वनीच्या त्याच तांब्याच्या तारेतून दूरचित्रवाणी घरात येईल, संच हाच संगणक होईल, एकाच देयकात बोलणे, पाहणे आणि वाचणे सामावेल, असे भाकीत त्या दशकातील जवळजवळ प्रत्येक नियतकालिकाने केले होते. सरकारी दूरध्वनी कंपन्यांनी तशी सेवा सुरूही करून पाहिली. ती रुजली नाही. तारा जुन्या होत्या, वेग अपुरा होता आणि केबलवाला महिन्याकाठी याहून स्वस्तात शंभर वाहिन्या देत होता. भाकीत चुकले असे मात्र म्हणता येणार नाही, केवळ त्याची दिशा उलटी निघाली. दूरदर्शन संचाचा संगणक होण्याआधी दूरध्वनीचाच दूरदर्शन संच झाला.

हा बदल घडवला तो स्वस्त डेटाने. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची फोर-जी सेवा सुरू झाली तेव्हा एक जीबी डेटासाठी दोनशे-अडीचशे रुपये मोजण्याची ग्राहकांना सवय होती. काही वर्षांतच तो दर दहा-पंधरा रुपयांवर आला. त्याच वर्षाच्या जानेवारीत नेटफ्लिक्स आणि डिसेंबरमध्ये अ‍ॅमेझॉन प्राइम भारतात दाखल झाले होते, हॉटस्टार त्याच्या आदल्या वर्षी. नोव्हेंबरमध्ये व्हॉट्सअ‍ॅपने दृक्‌संभाषणाची सोय दिली. बारा महिन्यांच्या आत भारतीय घरातील पाहणे आणि बोलणे एकाच मुठीत मावेल अशा वस्तूत गोळा झाले. त्यानंतरच्या आकड्यांत फारसे आश्चर्य नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नोंदीनुसार २०२० च्या अखेरीस देशात शुल्क भरून डीटीएच वापरणारे सुमारे ७ कोटी ग्राहक होते. २०२५ मध्ये ती संख्या ६ कोटींच्या खाली उतरली.

यावरून दूरचित्रवाणीचा काळ संपला असा निष्कर्ष काढण्याची घाई अनेकांना झालेली दिसते. ती अनाठायी आहे, आणि तिचे कारण तंत्रज्ञानातच आहे. उपग्रहावरून येणारे प्रक्षेपण हे पावसासारखे असते. एका छपरावर पडो की एक कोटी छपरांवर, ढगाला जास्तीचा खर्च येत नाही. इंटरनेटवरून येणारे चित्र हे टँकरच्या पाण्यासारखे आहे. प्रत्येक घराला स्वतंत्र खेप करावी लागते. पाहणारे वाढले की खेपा वाढतात, रस्ते तुंबतात. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी विश्वचषक क्रिकेटच्या अंतिम सामन्यात एकाच क्षणी ५ कोटी ९० लाख प्रेक्षक हॉटस्टारवर होते. एवढ्या खेपा एकाच वेळी पोहोचवणे हा अभियांत्रिकीचा पराक्रमच होय. तरीही शेजारच्या घरात तबकडीवर सामना चालू असेल तर त्यांच्या आरोळीने आधी कळते की गडी बाद झाला. मोबाइलवर तो चेंडू अजून टाकलाही गेलेला नसतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा जाळ्यावरील भार आटोक्यात राहावा म्हणून चित्रपट-मालिका पुरवणाऱ्या कंपन्यांनी मोबाइलवरील चित्राची प्रत काही आठवडे स्वतःहून उतरवली. आणि त्याच आठवड्यात, २८ मार्चपासून, दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवायला घेतले. तेहेतीस वर्षांपूर्वीची ती मालिका घराघरांतील आजी-आजोबांनी नातवंडांना शेजारी बसवून पाहिली. त्यासाठी कोणाला जाळ्याचा वेग तपासावा लागला नाही.

डीडी फ्री डिश ही मासिक शुल्क नसलेली सेवा आज अंदाजे ४ कोटींहून अधिक घरांत आहे. गरीब घराची गरज एवढीच तिची ओळख मानणे योग्य नाही. वादळात मनोरे पडतात, केबल तुटते, डेटा संपतो. तबकडी मात्र या तिन्हींवर अवलंबून नसते. सार्वजनिक सोय म्हणून तिचे मोल ठेवायला हवे, आणि शहरी वाचकाला ते बहुधा ठाऊक नसते.

आता घरात काय बदलले ते पाहू जाता, जुन्या दिवसांविषयी हळवे होण्याचा मोह आवरावा लागतो. एकत्र बसून पाहणे हे जेवढे सांगितले जाते तेवढे एकत्र नव्हते. बातम्या कोणत्या, सामना की चित्रपट, आवाज किती, हे घरातील एकच व्यक्ती ठरवी. घरची सून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, हातात पोळपाटाचे पीठ घेऊन, अर्धा प्रसंग पाही आणि पोळी करपते म्हणून परत जाई. आज तीच स्त्री ओट्यावर डब्याला टेकवून ठेवलेल्या मोबाइलवर तिला हवे ते, हवे तेव्हा पाहते. मध्येच थांबवते, पुन्हा लावते. ही लहान गोष्ट नव्हे. बडोद्याच्या किंवा बेळगावच्या मराठी माणसाला जुनी नाटके, कीर्तने, नाट्यसंगीताच्या मैफली घरबसल्या मिळू लागल्या, ज्या मुंबई केंद्राच्या प्रक्षेपणाच्या कक्षेत राहणाऱ्यांनाही पूर्वी वर्षातून एकदा मिळत. परदेशी गेलेल्या मुलाचा चेहरा आई रोज पाहते. ज्या पिढीने निळ्या एरोग्रामच्या कडेला उभी-आडवी अक्षरे कोंबून पत्रे लिहिली, तिला या सोयीचे अप्रूप वाटले नाही तरच नवल. १५ जुलै २०१३ पासून भारतात तारसेवा बंद झाली, तेव्हा हळहळ पुष्कळांनी व्यक्त केली; तार पाठवणारे फार थोडे उरले होते.

तेव्हा तक्रार नव्या साधनांविषयी नाही. तक्रार आहे ती या साधनांनी घरातील एका व्यक्तीला हळूच दाराबाहेर उभे केले याविषयी. ती व्यक्ती म्हणजे घरातील सत्तरी ओलांडलेले माणूस. दूरदर्शन संच हे ज्येष्ठांना कोणाचीही मदत न घेता चालवता येणारे यंत्र होते. एक खटका दाबला की चालू, दुसऱ्याने आवाज. इंटरनेटवर चालणाऱ्या आजच्या ‘स्मार्ट’ संचापुढे तीच आजी हात जोडून बसते. आधी वायफाय, मग त्यातील चित्रांच्या चौकटी, मग ‘कोण पाहत आहे?’ असा प्रश्न विचारणारा पडदा, मग परवलीचा शब्द, आणि वर्गणी संपली असेल तर मुलाच्या मोबाइलवर येणारा ओटीपी. मुलगा कार्यालयात बैठकीत. आजी दुपारभर कोऱ्या पडद्याकडे पाहत राहते आणि संध्याकाळी कोणी विचारले तर ‘आज पाहावंसं वाटलं नाही’ असे सांगते. ज्या घरांत नवा संच घेताना जुनी केबल किंवा तबकडी ‘आता काय उपयोग’ म्हणून काढून टाकली गेली, तेथे हे घडले आहे. महिना दीड-दोनशे रुपये वाचले; त्याची किंमत कोणी दिली याचा हिशेब कोणत्याही वहीत नाही.

हिशेबाचा विषय निघालाच आहे तर वर्गण्यांचेही पाहावे. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत दूरदर्शन संचासाठी टपाल कार्यालयात वार्षिक परवाना शुल्क भरावे लागे. पुढे केबलवाल्याचा मुलगा दर महिन्याला दारात येई, पुठ्ठ्याच्या कार्डावर सही करी आणि हप्ता घेऊन जाई. दारात पैसे मोजून द्यावे लागत असल्याने घरातील प्रत्येकाला तो खर्च ठाऊक असे. आजची वर्गणी दारात येत नाही. ती खात्यातून किंवा कार्डावरून आपोआप वळती होते. महिना दीडशे रुपयांच्या चार सेवा म्हणजे वर्षाला ७,२०० रुपये. पण दीडशेचा आकडा नजरेला खटकत नाही, आणि बेरीज करण्यासाठी पासबुक छापून घेण्याची सवय तर सुटलेलीच आहे. मुलांनी परीक्षेनंतरच्या सुटीत घेतलेली एखाद्या सेवेची ‘एक महिना मोफत’ योजना पुढचे वर्षभर खात्यातून पैसे खेचत राहते.

भारतीय रिझर्व्ह बँकेने याबाबत केलेली व्यवस्था ग्राहकाच्या बाजूची आहे, याचा उल्लेख केला पाहिजे. १ ऑक्टोबर २०२१ पासून अशा आवर्ती देयकांची नोंदणी करताना ग्राहकाची अतिरिक्त खातरजमा सक्तीची झाली आणि रक्कम वळती होण्याच्या किमान २४ तास आधी सूचना पाठवणे बंधनकारक झाले. खातरजमेविना वळत्या होणाऱ्या रकमेची मर्यादा सर्वसाधारण व्यवहारांसाठी आधी ५,००० रुपये होती, जून २०२२ मध्ये ती १५,००० रुपये झाली. हे नियम लागू झाले त्या महिन्यात वर्गण्या अडकल्या, तक्रारी झाल्या, बँकांना बोल लागले. परंतु त्या सूचनेमुळेच अनेकांना आपल्या विसरलेल्या वर्गण्यांचा पत्ता लागला. सूचना येते ती खातेदाराच्या मोबाइलवर, आणि रोज येणाऱ्या पन्नास संदेशांच्या गर्दीत ती वाचली जात नाही, ही अडचण नियमाने सुटणारी नाही. ज्येष्ठ खातेदाराच्या खात्याला मुलाने जोडून दिलेल्या वर्गण्यांची यादी वर्षातून एकदा दोघांनी शेजारी बसून पाहिली तर बरे. बँकांच्या अ‍ॅपमध्ये ती यादी असते. शाखेत विचारले तरी कळते.

मात्र याहून गंभीर प्रश्न दूरध्वनीचा आहे. बाहेरच्या खोलीतील दूरध्वनी वाजला की तो आजोबा उचलत. ‘कोण बोलतंय? कुठून? काय काम आहे?’ या तीन प्रश्नांच्या चाचणीतून गेल्याशिवाय कोणालाही घरात प्रवेश नसे. तरुण मुलामुलींना ही चाचणी जाचक वाटे, आणि ती जाचक होतीच. पण तिच्यामुळे प्रत्येक संभाषणाला एक दुसरा कान असे. बोलणारा काय सांगतो आहे, घरातल्याचा चेहरा का उतरला, हे खोलीतील इतरांना दिसत असे. मोबाइलने हा दुसरा कान काढून घेतला. क्रमांक आता घराचा नाही, माणसाचा आहे. आणि येणारा प्रत्येक अनोळखी माणूस थेट आतल्या खोलीत, एकट्या माणसासमोर येऊन उभा राहतो.

‘डिजिटल अरेस्ट’ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या फसवणुकीचा सारा डोलारा याच एकटेपणावर उभा आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राच्या माहितीनुसार २०२४ च्या पहिल्या चार महिन्यांतच नागरिकांनी या प्रकारात १२० कोटी रुपयांहून अधिक रक्कम गमावली. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी त्याविषयी सावध केले, ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून त्याची दखल घेतली. पद्धत ठरलेली आहे. कुरियरमध्ये अमली पदार्थ सापडले, आधार क्रमांकावर गुन्हा नोंदला, अशा बतावणीने सुरुवात होते. मग दृक्‌संभाषण, पडद्यावर गणवेशातील माणूस, मागे पोलीस ठाण्याची किंवा न्यायालयाची सजावट. आणि मग तीन आज्ञा : कॅमेरा बंद करायचा नाही, खोलीबाहेर जायचे नाही, घरात कोणाला सांगायचे नाही. कायद्यात अशी कोणतीही अटक नाही. कोणतीही तपास यंत्रणा पडद्यावरून कोणाला अटक करत नाही आणि चौकशीसाठी पैसे कोठेही भरायला सांगत नाही. हे वाक्य वर्तमानपत्रांत शेकडो वेळा छापले गेले. तरी निवृत्त शिक्षक, डॉक्टर, अधिकारी फसतच राहिले, कारण भय दाटले असता छापलेले वाक्य आठवत नाही. शेजारी बसलेले माणूस मात्र ‘कोण आहे रे तिकडे?’ असे विचारू शकते, आणि गुन्हेगाराला धास्ती असते ती त्याच एका प्रश्नाची.

असा खातेदार पैसे पाठवण्यापूर्वी पुष्कळदा मुदत ठेव मोडण्यासाठी शाखेत येतो. त्याचा फोन खिशात चालूच असतो आणि पलीकडून कोणीतरी ऐकत असते. त्या क्षणी त्याला भेटणारे पहिले तिऱ्हाईत माणूस म्हणजे खिडकीवरील कर्मचारी. ‘एवढी मोठी ठेव मुदतीआधी का मोडता, काका?’ हा प्रश्न अनेक ग्राहकांना आगाऊपणा वाटतो, आणि गर्दीच्या दिवशी कर्मचाऱ्यालाही तो टाळावासा वाटतो. पैसे ग्राहकाचे आहेत, ते कशासाठी हवेत हे विचारणारी बँक कोण, हा आक्षेपही चुकीचा म्हणता येत नाही. असे असूनही प्रश्न विचारला गेला पाहिजे. उत्तर देण्याची सक्ती नसावी. पण खातेदाराला क्षणभर आत बसवून, पाणी देऊन, मुलाशी किंवा मुलीशी शाखेच्या दूरध्वनीवरून बोलता का, एवढे विचारण्याने सेवेत काही उणे येत नाही. बाहेरच्या खोलीतील आजोबा जे काम करीत ते आज शाखेतील माणसाकडे आले आहे, त्याने मागितलेले नसताना.

यंत्रणेनेही काही पावले टाकली आहेत. भारतीय बँकांची संकेतस्थळे ओळखता यावीत म्हणून त्यांच्या पत्त्याच्या शेवटी ‘डॉट बँक डॉट इन’ हे शब्द असावेत, असे रिझर्व्ह बँकेने ठरवले आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. बँकांच्या सेवाविषयक दूरध्वनींसाठी १६०० ने सुरू होणारी क्रमांकांची मालिका राखून ठेवण्यात आली. फसवणूक झाल्यास १९३० हा क्रमांक आहे. पैसे गेल्यानंतरच्या पहिल्या तासा-दोन तासांत तो फिरवला तर रक्कम पुढे सरकण्याआधी रोखली जाण्याची शक्यता अधिक असते. हा क्रमांक मोबाइलमध्ये साठवून ठेवण्यापेक्षा भिंतीवर लिहून ठेवणे अधिक उपयोगी, कारण संकटाच्या वेळी मोबाइल गुन्हेगाराच्या ताब्यात असतो.

घरातील पडदे आता पुन्हा एक होणार नाहीत, आणि तसे व्हावे असा हट्ट धरणेही बरोबर नाही. परंतु कोणते दार उघडे ठेवायचे हे अजून घराच्या हातात आहे. जुनी तबकडी काढण्याची गरज नाही; नव्या संचाला ती सहज जोडता येते आणि आजीसाठी रिमोटवरील दोन खटके रंगीत चिकटपट्टीने दाखवून देता येतात. स्मार्ट संचाला बोलून कार्यक्रम शोधता येतो, हे तिला एका दुपारी शिकवले तर ती दुसऱ्या दुपारी कोणाला विचारणार नाही.

दूरध्वनीबाबत तर एक गंमतच आहे. शहरांत आणि आता गावांतही ज्या घरांनी फायबरची जोडणी घेतली, त्यांपैकी बहुतेकांना तिच्याबरोबर स्थिर दूरध्वनीचा क्रमांकही मिळालेला असतो, बहुधा बोलण्याच्या वेगळ्या आकाराशिवाय. तो क्रमांक दर महिन्याच्या देयकावर छापलेला असतो. घरातील फार थोड्यांना तो पाठ असतो, कारण राउटरच्या मागील त्या छोट्या खाचेत यंत्र जोडण्याचे कोणाच्या मनातच आलेले नसते. साधे, खटक्यांचे यंत्र काही शे रुपयांत मिळते. ते बाहेरच्या खोलीत ठेवले आणि क्रमांक फक्त नातेवाइकांना, डॉक्टरांना आणि शेजाऱ्यांना दिला, तर आतल्या खोलीत मोबाइलवर काहीही चालू असले तरी बाहेर वाजणारी घंटा साऱ्या घराला ऐकू जाईल, आणि ती कोणीतरी उचलेल.